सतरावा प्रश्न

बर्मिंगहॅमच्या त्या हॉस्पिटलसमोर एक बसस्टॉप आहे. दुपारी बरोबर बारा वाजता ताई डबा घेऊन तिथे जायच्या आणि बाकावर बसून भाकरी-ठेचा खायच्या. बस यायची, ड्रायव्हर दार उघडायचा, ताई भाकरीच्या हातानेच ‘जा’ म्हणायच्या आणि बस निघून जायची. ऑफिसात ठेच्याच्या वासाबद्दल कुणीतरी फार नम्र ईमेल पाठवली होती, म्हणून त्या बाहेर जेवतात, असं बाकीचे सांगत. ताईंचं म्हणणं वेगळं होतं.

“बसस्टॉपवर माणूस खरं बोलते. बस यायच्या आत उरकायचं असते ना त्याला.”

त्या मूळच्या नागपूरच्या. तिकडे सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि इथे येऊन रिसर्च नर्स झाल्या. म्हणजे नवीन उपचार किंवा नवीन तपासण्या यांचा अभ्यास चालतो, त्यात लोकांना भेटून माहिती गोळा करण्याचं काम. इंग्रजी त्या झकास बोलायच्या, मात्र मराठीत आल्या की नागपूर जसंच्या तसं. मी पुण्याची, तेराव्या वर्षी इथे आलेली, आधी आणि नंतरही इंग्रजी माध्यमात शिकलेली. माझ्या मराठीत चुका नसायच्या, कारण मी फारसं बोलायचेच नाही.

बारावीच्या वर्षाच्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांमधल्या सुट्टीत, मला त्या हॉस्पिटलमध्ये चार आठवड्यांची रिसर्च इंटर्नशिप मिळाली. मेडिसिनला अर्ज करायचा तर अशी एखादी इंटर्नशिप हवीच, असं आमच्या शाळेत सगळे धरून चालतात. माझ्याबरोबरच्या मुलींना लॅब मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी पांढरे कोट घालून मायक्रोस्कोपशेजारी फोटो काढले. मला मिळाल्या ताई, एक क्लिपबोर्ड आणि काळ्या शाईची दोन पेनं. माझ्या अर्जात ‘मराठी आणि हिंदी येतं’ असं लिहिलं होतं, त्याचा हा परिणाम.

“गुड मॉर्निंग, मॅडम,” मी म्हणाले.

“मॅडम नको. इथे प्रोफेसरलासुद्धा नावाने हाक मारतात. पण तुझ्या तोंडून माझं नाव काही निघणार नाही, दिसूनच राहिलं. ताई म्हण.”

त्यांचं वय साठीच्या आसपास होतं. मी ताई म्हणायला लागले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला काहीच करू दिलं नाही. मी फक्त उत्तरं द्यायची. अभ्यासाचा एक फॉर्म होता, वीस प्रश्नांचा. आपल्याकडच्या, म्हणजे भारतातून इथे आलेल्या ज्येष्ठ लोकांचं रोजचं जगणं कसं आहे, हे विचारणारा. तो अजून पक्का झालेला नव्हता. लोकांना प्रश्न समजतात का, ते मोकळी उत्तरं देतात का, हे आधी पाहायचं होतं. ताई माझ्यासमोर बसून तो फॉर्म मलाच विचारायच्या. जिने चढता येतात का. दिवसभरात किती जणांशी बोलणं होतं. मन उदास असतं का.

“नाही,” मी म्हणाले.

“अच्छा,” म्हणून त्यांनी खूण केली. मग दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी म्हणाले, “कधीकधी.”

“बघ, चार दिवस लागले. आणि तुला इथे कुणाची भीती नाही, सून नाही, मुलगा नाही. आता विचार कर, त्या आजीला किती वेळ लागत असेल.”

ताईंजवळ एक घडीचं स्टूल होतं. मासे पकडायला जाणारे लोक नदीकाठी घेऊन बसतात ना, तसलं, हिरव्या कापडाचं, अगदी ठेंगणं. मुलाखतीला जाताना त्या ते काखेत मारून न्यायच्या. समोरचा माणूस खुर्चीत बसला की या त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर. “उंच बसून विचारलं की माणूस परीक्षा देतो,” म्हणायच्या. साठीच्या बाईला त्या स्टुलावरून उठणं सोपं नव्हतं. उठताना त्या समोरच्याच माणसाकडे हात मागायच्या आणि ऐंशीचे आजोबा त्यांना ओढून उभं करायचे. मला आधी ते बघून लाज वाटायची. नंतर लक्षात आलं, की मुलाखत संपताना आजोबांची छाती जरा पुढे आलेली असायची.

घरी आईने विचारलं, “आडनाव काय गं त्यांचं?” मला ठाऊकच नव्हतं. ताईंच्या गळ्यातल्या बॅजवर फक्त पहिलं नाव होतं. उरलेल्या जागेवर त्यांनी निळा स्टिकर चिकटवला होता. पुढे ज्येष्ठांच्या क्लबात एका मराठी काकांनी हाच प्रश्न थेट त्यांनाच केला. चहाचा कप बशीत ठेवून, अगदी गोड आवाजात.

“आपलं आडनाव काय म्हणायचं?”

“काका,” ताई स्टुलावरून म्हणाल्या, “प्रश्न मी विचारायचे आहेत. तुमच्या घरात जिना किती पायऱ्यांचा आहे?”

काका पायऱ्या मोजू लागले. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला, त्यांच्या विहारातल्या कुणाचा तरी. त्या मोठ्यांदा “जय भीम” म्हणाल्या, “नंतर करते” म्हणाल्या आणि फोन ठेवला. काकांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ताईंनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. “बारा की तेरा?”

हा क्लब दर बुधवारी एका कम्युनिटी सेंटरमध्ये भरायचा. चहा, ढोकळा, पत्ते आणि हीटरजवळच्या खुर्च्यांवरून होणारी भांडणं. पहिल्या बुधवारी ताईंनी विचारलं आणि मी ऐकलं. दुसऱ्या बुधवारी मराठी आणि हिंदी बोलणारे नऊ जण त्यांनी माझ्याकडे दिले. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी आणि ताई हॉलच्या दुसऱ्या टोकाला.

मला ते काम आवडायला लागलं होतं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. बोलायला घाबरणारी माणसं ऐकायला बरी असतात. लोक काय म्हणतात ते मी समासात बारीक अक्षरात लिहून घ्यायचे. ‘झोप येते पण टीव्हीसमोरच.’ ‘मुलगा रोज फोन करतो, पण गाडी चालवताना.’ पहिल्याच बुधवारी ताईंनी ते वाचलं, “हं” म्हणाल्या आणि मला तिसरं पेन दिलं. त्यांची शाबासकी एवढीच असायची.

पण त्या फॉर्ममध्ये सतरावा प्रश्न होता. खोकताना, शिंकताना किंवा बाथरूमला वेळेत न पोहोचल्यामुळे कपडे ओले होतात का?

पहिले होते टाय लावून आलेले एक काका. माझ्या आजोबांसारखेच कानावर केस. सोळावा प्रश्न झाला, मी सतराव्यावर आले आणि प्रश्न तोंडातून निघेना. मी मान खाली घातली, ‘नाही’वर खूण केली आणि अठरावा विचारला. काकांच्या काहीच लक्षात आलं नाही. मला इतकं हलकं वाटलं, की दुसऱ्या नंबरच्या आजींच्या वेळी मी अडखळलेसुद्धा नाही. नऊच्या नऊ जणांच्या वतीने मीच ‘नाही’ म्हणून टाकलं.

पुढच्या सोमवारी अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांची ईमेल आली. ते इंग्रज होते, भले होते आणि घाईत असायचे. त्यांनी लिहिलं होतं, की ताईंच्या फॉर्ममध्ये सतराव्याला बरेच ‘हो’ आहेत आणि इंटर्नच्या फॉर्ममध्ये एकही नाही. म्हणजे उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून दिसतं. कदाचित अनुभवी व्यक्तीकडून नकळत लोकांना ‘हो’कडे ढकललं जात असेल. असा प्रश्न भरवशाचा नाही. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तो काढून टाकू या.

ईमेल ताईंना होती, मला प्रत. मी ती तीनदा वाचली. ताई लोकांच्या तोंडून ‘हो’ वदवून घेतात, असं त्यात नम्रपणे लिहिलं होतं आणि त्याला पुरावा मी होते.

ताईंनी माझे नऊ फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी मांडले, स्टीलची पट्टी घेतली आणि वाचायला लागल्या. त्यांची वाचायची रीतही निराळी होती. सगळे एक माणूस पूर्ण वाचतात, मग दुसरा. ताई एकच प्रश्न नऊ माणसांचा वाचायच्या, मग पट्टी खाली सरकवायच्या. पट्टी सतराव्यावर आली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. पट्टी तिथे बराच वेळ थांबली.

“चल, जेवायला,” त्या म्हणाल्या. अकरा वाजले होते.

बसस्टॉपवर त्यांनी डबा उघडलाच नाही.

“सतरावा विचार मला. मी पंच्याऐंशीची आहे असं समज.”

मी तोंड उघडलं. बस आली, दार उघडलं, ताईंनी ‘जा’ म्हटलं, बस गेली. माझं तोंड तसंच होतं.

“सगळ्या प्रश्नांच्या शेजारी समासात लिहिलं आहेस तू. लोकांचं खोकणं, हसणं, सगळं. सतराव्याच्या शेजारी नऊ वेळा कोरा कागद. काऊन?”

“मी विचारला नाही.”

“नऊच्या नऊ?”

“हो.”

“मग ही उत्तरं कुणाची आहेत?”

“माझी.”

“तुझे कपडे ओले होतात?”

“नाही.”

“मग उत्तर बरोबर आहे. माणूस चुकीचा आहे.”

मी रडायला लागले. ताईंनी रुमाल वगैरे काही दिला नाही. त्या रस्त्याकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “झालं? आता ऐक. शुक्रवारी हा प्रश्न फॉर्ममधून निघाला तर तो परत येत नाही. मग फॉर्म शंभर ठिकाणी जाईल आणि कुणी कुणाला हे विचारणार नाही. आणि ज्यांना होते ते आपले घरी बसून राहतील. मी डॉक्टरांना सांगू शकते. पण मी सांगितलं तर ती तक्रार होते. तू सांगितलं तर ती दुरुस्ती होते. मी बाजूला बसते.”

“ते मला काढून टाकतील.”

“टाकतीलही.”

खोटा दिलासा त्यांच्याकडे नव्हताच. मी त्यांच्यामागून वर गेले. डॉक्टरांसमोर मी जे बोलले ते तीन वाक्यांत संपलं. मला आठवतं, की ते ऐकताना त्यांनी हळूच लॅपटॉप बंद केला. ते म्हणाले, की सांगितलंस हे चांगलं केलंस, पण याला खोटी माहिती बनवणं म्हणतात आणि मोठ्या माणसाने हे केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. हे नऊ फॉर्म रद्द करू आणि उरलेले दिवस मी लायब्ररीत वाचन करावं.

“फॉर्म रद्द नाही करायचे,” ताई इंग्रजीत म्हणाल्या. “चुकीच्या खुणेवर एक आडवी रेघ, शेजारी तिची सही आणि तारीख. खालची चूक वाचता आली पाहिजे. आपण नर्सेसना हेच शिकवतो ना? आणि या बुधवारी ती त्याच नऊ जणांना परत विचारेल. मी तिच्या शेजारी बसेन आणि तोंड उघडणार नाही.”

“आणि तिने नाही विचारलं तर?”

“तर शुक्रवारी प्रश्न काढून टाका. मी वाद घालणार नाही.”

मी ताईंकडे पाहिलं. अभ्यासातला जो एकच प्रश्न त्यांना जिवापाड हवा होता, तो त्यांनी माझ्या भरवशावर पणाला लावला होता.

मंगळवारी आम्ही बसस्टॉपवर दोन तास बसलो. मी स्टुलावर, ताई बाकावर. मी विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. एकदा त्या बहिऱ्या आजी व्हायच्या, एकदा चिडके आजोबा.

“आवाज खाली नेऊन राहिली तू,” त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. “आवाज खाली गेला की प्रश्न घाण होतो. जिने चढता येतात का, हे ज्या आवाजात विचारते, त्याच आवाजात. परत.”

मी परत विचारलं. बसची वाट बघणारी एक बाई आमच्याकडे बघून जरा लांब सरकली.

“जाऊ दे तिला,” ताई म्हणाल्या. “परत.”

बुधवारी मी स्टूल घेऊन टायवाल्या काकांसमोर बसले. ताई माझ्याशेजारी, हाताची घडी घालून. मी आधी सांगितलं, “मागच्या वेळी मी एक प्रश्न तुम्हाला विचारलाच नाही आणि उत्तर माझ्या मनाने लिहिलं. चूक झाली. आता विचारते.” मग मी तो विचारला. जिन्याच्या आवाजात.

काकांनी टाय सारखा केला. “नाही बुवा,” म्हणाले. “पण बायकोला विचार. मी सांगितलं म्हणू नकोस.”

नऊपैकी चौघांनी ‘हो’ म्हटलं. त्यातल्या एक होत्या नाशिकच्या आजी. मुलाकडे राहायला आलेल्या, नऊवारीवर जाड कार्डिगन. त्यांनी माझं मनगट धरलं.

“सुनेला सांगशील का?”

“नाही.”

“मुलाला?”

“कुणालाच नाही.”

“मग हो.” त्यांनी आवाज मुळीच खाली नेला नाही, कारण मी नेला नव्हता. “दोन वर्षं झाली. नातीचा डान्स असतो, मोठ्या हॉलमध्ये. मी जात नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगते. गुडघा चांगला आहे माझा. हे बघ.” आणि त्यांनी बसल्या बसल्या पाय सरळ करून दाखवला.

माझ्या आधीच्या फॉर्ममध्ये गुडघ्याच्या प्रश्नाशेजारी मी ‘खूप दुखतो’ असं लिहिलं होतं. त्यांनी तसंच सांगितलं होतं. त्याच्यावरही आम्ही एक रेघ मारली, या वेळी आजींच्या देखत.

“यावर काही असतं का गं?” त्यांनी विचारलं.

ताईंनी कबूल केल्याप्रमाणे अजून तोंड उघडलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, “असतं. व्यायाम असतात, क्लिनिक असतं. ताई तुम्हाला सगळं सांगतील.” तेव्हा कुठे ताई बोलल्या आणि मग बराच वेळ बोलल्या.

शुक्रवारी प्रश्न फॉर्ममध्ये राहिला. डॉक्टरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ताईंची माफी मागितली. ताई म्हणाल्या, “हं.”

चार आठवडे संपले. ताईंनी लिहिलेलं इंटर्नशिपचं पत्र शाळेत गेलं, कारण शाळा त्याच्या आधारे अर्जातली शिफारस लिहिते. बाकीच्या मुलींच्या पत्रांत ‘मेहनती’, ‘उत्साही’ असे शब्द होते. माझ्या पत्राची एक प्रत घरी आली. तिसऱ्याच वाक्यात लिहिलं होतं, की या मुलीने नऊ माणसांना एक प्रश्न न विचारता त्याचं उत्तर भरलं. चौथ्यात होतं, की तिने ते स्वतः कबूल केलं आणि नऊही जणांना पुन्हा जाऊन विचारलं. पुढे ताईंनी एवढंच लिहिलं होतं, ‘माझी आई आजारी पडली तर तिच्याशी या मुलीने बोलावं असं मला वाटेल.’

“ही बाई डोक्यावर पडली आहे का?” बाबा म्हणाले. “असं कुणी लिहितं का? मेडिसिनच्या अर्जात?”

मी ताईंना फोन केला. आपण होऊन फोन करण्याची माझी ती पहिली वेळ असावी.

“ताई, ते वाक्य...”

“खोटं आहे?”

“नाही.”

“मग? तुझ्या टीचरला सांग, काढायचं तर काढा. पत्र तुझ्यासाठी आहे. पण मग माझी सहीपण काढायला सांग. ते वाक्य काढलं की उरलेलं दुसऱ्या कुणाविषयी आहे.” आणि त्यांनी फोन ठेवला. आपल्या माणसांशी बोलताना त्या ‘जय भीम’ म्हणून फोन ठेवायच्या, बाकीच्यांशी काहीच न म्हणता. त्या दिवशी मला त्या ‘जय भीम’ म्हणाल्या. माझ्या ते नंतर लक्षात आलं.

शाळेतल्या टीचरने मला बोलावून घेतलं. स्क्रीनवर शिफारशीचा मसुदा होता. “हा परिच्छेद मी गाळू शकते,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “कुणाला कळणारही नाही. तुझ्यावर आहे.” त्या खोलीत दोन वर्षांत मी ‘यस मिस’ आणि ‘नो मिस’ यापलीकडे बोलले नव्हते.

“राहू द्या,” मी म्हणाले. “पूर्ण.”

तीन ठिकाणांहून मुलाखतीविनाच नकार आला. का, ते कधीच कळत नाही. बाबांना कारण ठाऊक होतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. चौथ्या ठिकाणाहून, मँचेस्टरहून, मुलाखतीचं बोलावणं आलं.

टेबलापलीकडे तिघं होती. मधल्या तरुण डॉक्टरांच्या हातात माझा अर्ज होता आणि तो परिच्छेद पेनाने अधोरेखित केलेला मला उलटा दिसत होता.

“इतका अवघड असा काय प्रश्न होता तो?” त्यांनी विचारलं.

विषय गुंडाळून सांगता आला असता. त्यासाठी छान वैद्यकीय शब्द आहेत, मला ते येतही होते. मी तसं केलं नाही. मी त्यांच्याकडे बघून प्रश्न विचारला, जसा फॉर्ममध्ये होता तसा.

ते जरा मागे सरकले. “अं... नाही,” म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

कडेच्या खुर्चीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“माझं हो,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या बाळंतपणापासून. आजवर कुणी विचारलं नव्हतं. पुढचा प्रश्न काय आहे?”

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि अठरावा प्रश्न विचारला.